धाकट्या जावेचा जपान

माझी धाकटी जाऊ स्नेहलता जपानला जाऊन आली. मी नाही गेले. एवढं सांगून थांबता आलं असतं, पण मला थांबता येत नाही. घरी कोणी नवीन माणूस आलं की ती तो प्रवास सांगायला बसते आणि मी चहा गाळता गाळता तिच्या चुका दुरुस्त करते. "वहिनी, जाऊन मी आले की तुम्ही?" असं ती विचारते. सगळे हसतात, मीही हसते. पण खरं सांगते, त्या प्रवासातलं वळण न् वळण मला तिच्यापेक्षा चांगलं पाठ आहे. हेवा करायचा तर माहिती पक्की लागते.

स्नेहलता म्हणजे काही कोणी थोर बाई नव्हे. मिरजेची, बहिणींत तिसरी, मॅट्रिक झालेली, बेताची उंची, आवाज इतका हळू की फोडणीच्या आवाजात विरून जाई. केस मात्र कमरेच्या खाली. १९६० साली आत्मारामभावजींशी लग्न होऊन ती श्टुटगार्टला आली, तेव्हा मी इथे मुरलेली होते. आमचे हे (नाव दिनकर, मी कधी घेतलं नाही) टेक्निकल विद्यापीठात रंग आणि रोगणांवर डॉक्टरेट करत होते. भावजी त्सुफेनहाउझेनच्या गाड्यांच्या कारखान्यात लागले होते. म्हणून कारखान्याजवळच वरच्या मजल्यावरची वोनुंग, म्हणजे भाड्याचं बिऱ्हाड, घेतली. दोन खोल्या आमच्या, एक त्यांची, स्वयंपाकघर दोघींचं. ज्यांनी दोन जावांचं एक स्वयंपाकघर पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

पण मला तेव्हा तिचा हेवा वाटत नव्हता. कशाला वाटेल? माझ्याजवळ उल्का होती, दीड वर्षाची. मला जर्मन येत होतं. आणि मुख्य म्हणजे माझ्याजवळ फ्राऊ एबरले होत्या.

फ्राऊ एबरले म्हणजे शहरातल्या एका वस्तुसंग्रहालयात जुन्या जपानी वस्तू दुरुस्त करणाऱ्या बाई. पन्नाशी ओलांडलेल्या, नवरा युद्धात गेलेला, कायम करड्या रंगाचा झगा, चष्मा दोऱ्याने गळ्यात. युद्धाच्या काळात तिथल्या जपानी पेट्या, वाडगे, तबकं तळघरात भरून ठेवली होती. ओल लागली, मग एकदम कोरड्या हवेत काढली, आणि त्यांचं काळंभोर रोगण पापुद्र्यांनी सुटायला लागलं. ते रोगण तपासायचं काम आमच्या ह्यांच्या प्रोफेसरांकडे आलं. एकदा ह्यांच्याबरोबर मी सहज गेले. टेबलावर एक पेटी होती, झाकणावर सोनेरी गवत आणि त्यात एक टोळ, टोळाची एक मिशी उडालेली. मी म्हटलं, मी काढू?

माझं माहेर सावंतवाडीचं. चितार आळीत गंजिफाचे गोल पत्ते रंगवणाऱ्यांच्या ओटीवर माझं निम्मं बालपण गेलं. एका केसाच्या कुंचल्याने रेघ ओढताना श्वास कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा हे मला परकर नेसायच्या वयात कळत होतं. फ्राऊ एबरलेंनी रद्दी कागद दिला, मी मिशी काढली. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, आणि कोपऱ्यातलं एक स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस ते स्टूल माझं झालं. उल्काला खालच्या मजल्यावरची म्हातारी सांभाळायची. श्टुटगार्टमध्ये मला जे काही स्वतःचं म्हणून मिळालं, ते म्हणजे ते स्टूल.

मग जपानहून कच्च्या रोगणाचा डबा आला. ते रोगण म्हणजे आपली लाख नव्हे. आपली लाख किड्याची, हा झाडाचा चीक. जपानी लोक त्याला उरुशी म्हणतात. डबा उघडला तेव्हा दूध घालून ढवळलेल्या काकवीसारखं दिसत होतं. मी लाकडी पट्टीने ढवळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे डोळे उघडेनात. हात कोपरापर्यंत फोडांनी भरलेले, तोंड सुजलेलं, उल्का मला पाहून रडायला लागली. मी आरशात पाहिलं आणि ओळखलं. हा बिब्बा आहे! लहानपणी मला बिब्बा उतला होता, तेव्हा असंच झालं होतं. ह्यांनी पुस्तकं काढून बघितलं आणि म्हणाले, बरोबर, एकाच कुळातली झाडं आहेत. पुस्तकातून सिद्ध झालं म्हणून माझी खाज काही कमी झाली नाही.

कातडीच्या डॉक्टरने सांगितलं, पुन्हा त्या चिकाजवळ जायचं नाही. फ्राऊ एबरलेंचं काम अडलेलं. मी अंथरुणातून स्नेहलतेला म्हटलं, "अगं, माझ्या तोंडाची सूज उतरेपर्यंत तू जा. नुसतं ढवळायचं आणि फडकी धुवायची. चित्राला हात लावू नकोस."

ती गेली, आणि तिला काहीही झालं नाही.

आठवडा गेला, दोन गेले. माझी सूज उतरली, पण फ्राऊ एबरले म्हणाल्या, कुसुम, आता इथे सगळीकडे तो चीक आहे, तुला इथे बसवणं मला बरं वाटत नाही, आणि तुझ्या जावेला तर तो मानवतो. मानवतो! जणू गाईचं दूध. माझ्या स्टुलावर ती बसली. मी घरी बसले, उल्काला भात भरवत. एकाच घरातल्या दोघी सुना, एकीला विधात्याने सोसणारी कातडी दिली, दुसरीला नाही. हे नशीब नाही तर काय? नशिबाशी भांडता येत नाही, म्हणून मी स्नेहलतेशी भांडू लागले.

भांडणाचा विषय पाल्मिन. खोबरेल तेल इथे तेव्हा कुठलं मिळायला? दुकानात खोबऱ्याच्या चरबीची पांढरी वडी मिळायची, पाल्मिन नावाची, तळणासाठी. आम्ही ती पातळ करून केसांना लावायचो. माझी वडी महिना महिना पुरायची. स्नेहलता त्या दुकानावर बसायला लागल्यापासून, दुकान म्हणजे मी त्या कामाच्या खोलीला म्हणत असे, वडी आठवड्यात संपायला लागली. मी एकदा बोललेच. "एवढं काय गं लावतेस केसांना? कुणाला दाखवायचेत?" ती लाल झाली आणि म्हणाली, "आणीन मी दुसरी." आणि आणली. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

दुसरं म्हणजे तिचे कपडे. भर जुलैत, कारखान्यातून भावजी घामाने निथळत यायचे तेव्हा, ही बाई मनगटापर्यंत बाह्या असलेलं लोकरी जाकीट घालून पोळ्या लाटायची. फ्राऊ एबरलेही लांब बाह्यांचं घालायच्या. मी समजले, बाईसाहेब त्यांची नक्कल करतायत. उष्ट्या हाताने कावळा न हाकणारी माणसं मी पाहिली आहेत, पण पोळ्या लाटताना बाह्या न सरकवणारी हीच पहिली.

१९६२ च्या वसंतात फ्राऊ एबरलेंनी सांगितलं की त्या जपानला जाणार. साधंसुधं जाणं नव्हे. त्यांच्या डोक्यात एक वेड होतं. त्या म्हणायच्या, वीस वर्षं मी या वस्तू दुरुस्त करतेय, पण एकही वस्तू जन्मताना पाहिलेली नाही. म्हणून त्या एका वाडग्याच्या मागे जाणार होत्या. लाकूड कातणाऱ्याच्या गावातून कच्चा वाडगा निघेल तिथून, तो पुरा होऊन कुणाच्या तरी जेवणात येईपर्यंत. वाडगा जिथे थांबेल तिथे थांबायचं, वाडगा निघेल तेव्हा निघायचं. आठ-नऊ महिने लागणार होते. विमान नाही. मार्सेलहून बोट, आणि बोट वाटेत मुंबईला थांबणार! सोबत एक मदतनीस न्यायला संग्रहालयाने मान्यता दिली होती.

मुंबई. मी पाच वर्षांत घर पाहिलं नव्हतं. आणि जपान. टोळाची ती सोनेरी मिशी जिथे पहिल्यांदा कुणीतरी ओढली तो देश. मला तो प्रवास इतका हवा होता की रात्री दात दुखावा तसं आत ठणकायचं. फ्राऊ एबरलेंकडे गेले. त्या खऱ्या मनाने म्हणाल्या, "कुसुम, हात तुझाच चांगला आहे. पण तिथे हवेतसुद्धा चीक असेल. तुला सोसलं असतं तर मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नसतं."

तुला सोसलं असतं तर! मी ठरवलं, सोसेलच. आमच्याकडे म्हणायचे की बिब्बा उततो त्याला तोच थोडा थोडा पोटात दिला, की अंग त्याची ओळख धरतं. उल्काच्या पाळण्याला आईने दृष्ट लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा बांधायला पाठवला होता. तो मी सोडवला. दुसऱ्यांच्या मत्सरापासून लेकराला राखायला दिलेलं फळ मी माझ्या मत्सरासाठी घेतलं, यातली गंमत मला तेव्हा कळली नाही. सुई तापवून टोचली आणि दुधात तेलाचा थेंब पाडून पिऊन टाकला. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. मी इतकी खूश झाले की तिसऱ्या दिवशी दोन थेंब घेतले.

मला गाडीत घालून नेलं. ओठ नाकाला लागलेले, घसा आवळलेला. ड्यूटीवरच्या डॉक्टरने ह्यांना विचारलं, यांनी काय खाल्लं? मत्सरी लोकांची नजर लागू नये म्हणून बाळाच्या पाळण्याला बांधतात ते फळ, हे जर्मनमध्ये सांगता सांगता आमचे हे, जे रोगणावर दोन तास बोलू शकत, घामाघूम झाले. डॉक्टरने कागदावर फक्त 'अज्ञात फळ' असं लिहिलं. मी दवाखान्यात असताना स्नेहलता रोज मऊ भाताचा डबा घेऊन यायची. खोलीत इतर बायका उकडतंय म्हणून खिडक्या उघडत होत्या, आणि ही माझ्या उशाशी लांब बाह्यांत बसून चमच्याने भात भरवत होती. माझ्या मनात आलं, हिला खरोखरच घाम येत नसेल. देवाने हिला दुसऱ्याच मातीची केली असेल.

एक शेवटची आशा होती. सासूबाई. मी त्यांना पत्र लिहिलं. लिहिलं की धाकट्या सूनबाई नवऱ्याला एकटं टाकून परक्या बाईबरोबर बोटीने जपानला निघाल्या आहेत, आपल्याला कळवणं मला कर्तव्य वाटतं. भावजी कोणाला नाही म्हणत नसत, पण आईचा शब्द मोडणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. पुढच्याच डाकेने सासूबाईंचं उत्तर आलं. "बोट मुंबईला थांबते का? मग जाऊ दे तिला. मला भेटेल तरी. बंदरावर येताना तिच्यासाठी काय करून आणू ते विचारून कळव." मी बिब्बा घालायला गेले आणि सासूबाईंनी त्याला तूप लावलं.

ती जुलैमध्ये गेली. मी स्टेशनवर गेले नाही. उल्काला ताप होता असं सांगितलं. खरंच थोडा होता.

आता तिचा प्रवास. हा मी सांगते, ती सांगताना फार गाळते.

मुंबईला बोट दिवसभर थांबली. सासूबाई बंदरावर पुरणपोळ्या घेऊन आल्या होत्या, आणि फ्राऊ एबरलेंनी त्या उभ्या उभ्या, सुरळी करून खाल्ल्या. सासूबाईंनी स्नेहलतेच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, वाळलीस गं. मला पाच वर्षांत कुणी वाळलीस म्हटलं नव्हतं. पुढे कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, आणि महिन्याने कोबे. तिथून त्या कुठल्याही मोठ्या शहरात पाहुण्यासारख्या राहिल्या नाहीत. थेट डोंगरात, लाकूड कातणाऱ्याच्या गावी. तिथला माणूस चाकावर वाडगा कातायचा आणि मग तो चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळत टाकायचा. फ्राऊ एबरलेंचा नियम असा, की नव्या घरी गेलं की पहिला दिवस नुसतं बसायचं. काही विचारायचं नाही, वही काढायची नाही. घरातल्यांनी आपल्याला काम सांगितलं की मगच दुसरा दिवस सुरू झाला असं समजायचं. त्या घरी त्यांना दोन दिवस कुणी काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारीने स्नेहलतेच्या हातात मुळे दिले आणि चिरायला बसवलं.

मग चीक काढणाऱ्याकडे. तो पहाटे झाडाच्या सालीवर आडवी चीर द्यायचा, तिथे जमलेला थेंब पळीने खरवडून घ्यायचा, आणि पुढच्या झाडाकडे चालायला लागायचा. असं सगळ्या मोसमभर. एका झाडातून मोसमात पेलाभर चीक निघतो आणि मग ते झाड तोडतात. स्नेहलता त्याच्या मागे मागे डोंगर चढायची. हे ती सांगते तेव्हा नेहमी म्हणते, "झाडं आंब्यासारखी वाटतात." मी म्हणते, "अगं, आंब्यासारखी नाही, पानं बिब्ब्याच्या भाऊबंदांसारखी." ती झाडं मी पाहिली नाहीत, पण मला माहीत आहे.

शेवटी वाडगा समुद्रात घुसलेल्या नोतो नावाच्या भूभागावर आला, ओकुदा नावाच्या रोगणकारांच्या घरी. तिथे हिवाळाभर मुक्काम. वाडग्याच्या काठाला आधी कापडाची पट्टी चिकटवतात. मग भाजलेल्या मातीची पूड रोगणात कालवून लेप. मग घासणं. मग पुन्हा लेप. आणि प्रत्येक लेप ओल्या कपाटात ठेवून वाळवायचा. हो, ओल्या! कोरड्या हवेत ते रोगण वाळतच नाही. आमच्या ह्यांनी हे पुस्तकात वाचलं होतं. स्नेहलतेने रोज सकाळी त्या कपाटाच्या फळ्यांवर पाणी शिंपडलं. रोगण लावायचे कुंचले बायकांच्या केसांचे असतात. कुंचले करणारा म्हातारा एकदा आला, हिची वेणी पाहून त्याचे डोळे चमकले. हातात घेऊन पाहिली आणि लगेच सोडून दिली. म्हणाला, फार तेलकट! हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी तिला तो प्रसंग दर वेळी पुन्हा सांगायला लावते.

एक मात्र होतं. ओकुदांच्या घरचा पहिला महिना तिच्या गोष्टीत नसायचा. वाडगा आला, आणि एकदम बर्फ पडायला लागायचा. मी विचारायचे, "मधे काय झालं?" ती म्हणायची, "काही विशेष नाही, वहिनी. पाऊस होता." मला वाटायचं, पाऊस होता म्हणून सांगण्यासारखं काही नसेल.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ती परत आली. तो वाडगा संग्रहालयाला गेला. ओकुदांनी तिला वेगळा एक वाडगा दिला होता, आतून तांबडा, बाहेरून काळा. तो तिने माझ्या हातात ठेवला. "वहिनी, वाळलेलं रोगण उतत नाही. तुमच्यासाठी आणलाय." तसा सुंदर वाडगा मी आयुष्यात पाहिला नव्हता. उचलताना वजन लागत नव्हतं. मी त्यात मीठ भरून चुलीजवळ ठेवला. फ्राऊ एबरलेंनी तो तिथे पाहिला तेव्हा त्यांचा चष्मा छातीवरून हातात आला. घरातली वस्तू घरात वापरायची असते, असं मी म्हटलं.

वर्षं गेली. ह्यांची डॉक्टरेट झाली, नोकरी लागली, भावजींनी शेजारचंच घर घेतलं. स्वयंपाकघरं वेगळी झाली तरी दोघींचा डबा एकमेकींकडे जायचाच. स्नेहलता अजून त्या स्टुलावर बसत होती. आता फडकी धुवत नव्हती, लेप देत होती. मी ते पाहायला कधी गेले नाही.

१९६९ च्या सप्टेंबरात फ्राऊ एबरले निवृत्त होणार म्हणून मी त्यांना रविवारच्या कॉफीला बोलावलं. बरोबर वीणा आणि तिचा नवरा होते. तो पुण्याहून विद्यापीठात डॉक्टरेटसाठी आलेला, दोघांना येऊन महिनाही झाला नव्हता, जर्मन येत नव्हतं. साहजिकच स्नेहलतेने जपान सुरू केला. मी दुरुस्त्या केल्या. फ्राऊ एबरलेंना मराठी कळत नव्हतं, पण गावांची नावं कानांवर पडत होती. वाडगा ओकुदांच्या दारात आला आणि स्नेहलता बर्फावर उडी मारणार, एवढ्यात त्यांनी हात वर केला.

"आल्झो," त्या मला म्हणाल्या, "आणि खेकडे? तिने खेकड्यांचं सांगितलं का?"

"कसले खेकडे?" मी विचारलं.

स्नेहलतेने त्यांच्याकडे पाहून मान हलवली. पण फ्राऊ एबरलेंनी केकचा तुकडा संपवला होता आणि त्यांना बोलायचं होतं. वीणा म्हणाली, "काय म्हणतायत त्या? आम्हालाही सांगा ना." मग मी नेहमीसारखी मधे बसले आणि त्यांचं एक एक वाक्य मराठीत करू लागले.

"ओकुदांच्या घरी ताजा चीक होता," मी म्हटलं. "इथल्या डब्यातल्यापेक्षा कितीतरी जहाल. तिसऱ्या दिवशी हिचे हात खांद्यापर्यंत सुजले. मान, कान, सगळं. ही बाह्या खाली ओढून कामाला बसली, पण म्हाताऱ्या ओकुदांनी बघितलं. त्यांनी तिची बाही वर केली आणि घरातल्या सगळ्यांना हाक मारली. सगळे गोळा झाले आणि हसले. हसले म्हणजे आनंदाने. प्रत्येकाने आपापली बाही वर करून जुने डाग दाखवले. म्हणाले, आमच्यातल्या सगळ्यांना पहिल्या वर्षी असंच होतं. जो पळाला नाही तो रोगणकार. त्यांच्या आईने ओढ्यातले छोटे खेकडे ठेचून त्यांचा रस हिच्या हातांना चोळला."

"खेकडे!" वीणा म्हणाली. "मग?"

मी फ्राऊ एबरलेंकडे वळले. त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या, स्नेहलतेकडे कौतुकाने पाहत होत्या. पुढचं त्या बोलल्या आणि माझी जीभ जागेवरच राहिली.

"सांगा ना, कुसुमताई," वीणा म्हणाली.

उल्का, दहा वर्षांची, माझ्या शेजारी बसली होती. तिला मराठी कळायचं पण ती उत्तर जर्मनमध्ये द्यायची. त्या दिवशी ती आपणहून मराठीत बोलली, मोडकं तोडकं, पण सगळ्यांना कळेल असं. "त्या म्हणतात, काकूला इथे पण झालं. श्टुटगार्टमध्ये. पहिला आठवडा, आणि मग पण. हात सगळा लाल. यांना पण जपानमध्येच कळलं. काकूने म्हटलं, घरी नाही सांगायचं. रोज पाल्मिन लावायची. हो ना, आई?"

"गेनाऊ," अगदी बरोबर, असं फ्राऊ एबरले म्हणाल्या. त्यांना फक्त पाल्मिन कळलं होतं.

आमचे हे म्हणाले, "म्हणजे सवयीने प्रतिकारशक्ती येते, बघा, रोचक आहे." भावजींनी बायकोकडे पाहिलं. त्यांनाही माहीत नव्हतं की काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी उठून कॉफीचं भांडं भरायला गेले. ते भरलेलंच होतं.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी भांडी घासायला उभ्या राहिलो. मी घासत होते, ती पुसत होती. मी म्हटलं, "तुलाही उततं."

"आता नाही उतत."

"तेव्हा उतत होतं. मी तुझ्यावर केसांवरून बोलले. दवाखान्यात ओठ फुगवून पडले, तू मला भात भरवलास. तेव्हाही तुझे हात जळत होते."

"हो."

"मग एका शब्दाने बोलायचं नाहीस?"

तिने बशी पुसून ठेवली, दुसरी घेतली. आवाज नेहमीसारखाच हळू. पण त्या दिवशी फोडणी चालू नव्हती. "सांगितलं असतं, तर तुम्हीही सोसलं असतंत, वहिनी. हात तुमचा चांगला. चित्र तुम्हाला येतं, मला आजही येत नाही, मी नुसते लेप देते. फ्राऊ एबरले रोज सकाळी विचारायच्या, कुसुम कशी आहे, तिचं काही बरं होतंय का. रोज. मी म्हणायचे, नाही, तिला फारच उततं. तुम्ही परत आला असतात, तर मला कोणी बसू दिलं असतं का त्या स्टुलावर?"

मला राग आला. त्या बाईला धरून हलवावं असा आला. आणि त्याच वेळी छातीतलं काहीतरी सैल झालं, तेही खोटं बोलणार नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, मी एकटीच जळतेय, आणि पलीकडे एक थंड, नशीबवान, न घामेजणारी बाई बसली आहे. तिच्या नशिबाचा हेवा करणं सोपं होतं. त्यात माझी चूक काही नव्हती. आता तेही माझ्याजवळ उरलं नाही. मी एका सकाळी सुजले आणि घरी बसले. ती रोज सकाळी सुजली आणि बाह्या ओढून गेली. आणि एवढं करूनही ती माझ्या एका रेघेवर जळत होती! मी चुलीजवळचा वाडगा घेतला, त्यातलं मीठ बरणीत ओतलं, धुतला आणि पुसायला तिच्या हातात दिला. आतून अजून तांबडा होता, जसाच्या तसा.

मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, कच्च्या रोगणाचा नवा डबा कधी यायचाय जपानहून?"

तिचा हात थांबला. तिने बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या आणि पुसलेला वाडगा पुन्हा पुसायला लागली.

"काही कळवलं नाही त्यांनी अजून," ती म्हणाली.

डबा सोमवारी येणार होता. फ्राऊ एबरलेंनी दारात कोट चढवता चढवता मला सांगितलं होतं, आणि येशील का असं विचारलंही होतं. स्नेहलता घरी गेल्यावर मी कपाटातून पाल्मिनची वडी काढली, आणि लांब बाह्यांचं जाकीट कुठे ठेवलंय ते शोधायला लागले.